पवित्रा आणि वार

तलवारीने काय घडविले हे इतिहास आपणांस विस्ताराने सांगतो. तलवार हाती कशी बसली याविषयी मात्र तो बहुधा मौन धरतो. कोणत्या रणांगणी कोण पडला, कोणाची सरशी झाली, कोणास जहागीर मिळाली, यांच्या नोंदी बखरींत व कागदपत्रांत विपुल आहेत. परंतु ज्या हाताने वार केला त्या हातामागे कोणती मेहनत होती, तिचा क्रम काय होता, आणि ती करताना माणूस नेमके काय शिकत होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शौर्य हा जन्मजात गुण आहे असे एकदा मानले की शिक्षणाचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. आणि मग पराभवाचे कारणही केवळ फितुरी अथवा दैव यांतच शोधावे लागते.

या प्रश्नाकडे वळण्यास एक अगदी आधुनिक निमित्त आहे. हल्लीची मुले पडद्यावरील खड्गयुद्धाच्या खेळांत तासन्‌तास रमतात आणि वडील मंडळी त्याबद्दल चिंता वाहतात. ती चिंता अगदीच अस्थानी आहे असे नाही. तथापि त्यांतील एका खेळाचा नियम इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे. २०१९ साली एका जपानी कंपनीने काढलेला ‘सेकिरो’ नावाचा खेळ त्याच्या अवघडपणाबद्दल जगभर प्रसिद्ध झाला. त्यात शत्रूस किती जखमा झाल्या यापेक्षा त्याचा तोल किती ढळला, याला अधिक महत्त्व आहे. खेळणारा आणि त्याचा शत्रू या दोघांच्याही देहस्थितीचे एक माप पडद्यावर दिसते. येणारा वार नेमक्या क्षणी आपल्या पात्याने उडविला, तर शत्रूची देहस्थिती ढासळते. नुसती तलवार आडवी धरून मार सोशीत राहिले, तर आपलीच ढासळते. ती पुरती मोडली की एका घावात निकाल लागतो. अंगावर जखमा असल्या की तोल सावरावयासही अधिक वेळ लागतो. नवखा खेळाडू भराभर वार करीत सुटतो आणि पुन्हा पुन्हा मरतो. मरता मरता त्याच्या ध्यानी येते, की आपण आजवर शत्रूच्या तलवारीकडे पाहत होतो, त्याच्या पायांकडे व खांद्यांकडे पाहावयास हवे होते.

ज्याला हा खेळ देहस्थिती म्हणतो, त्याला आमच्या आखाड्यात एक जुने नाव आहे. ते नाव म्हणजे ‘पवित्रा’. आज हा शब्द वर्तमानपत्रांतील राजकारणी लोकांपुरता उरला आहे. अमक्याने आक्रमक पवित्रा घेतला, तमक्याने पवित्रा बदलला, एवढ्याच प्रसंगी तो भेटतो. मूळचा अर्थ मात्र पायांचा आहे. शस्त्र हाती असता उभे कसे राहावे, पुढचे पाऊल कोठे टाकावे, मागचे केव्हा ओढावे, वार करूनही स्वतः उघडे कसे पडू नये, हे सर्व त्या एका शब्दात येते. शस्त्रविद्येचे मर्म वारात नसून पवित्र्यात आहे, वार हे त्याचे फळ आहे, असे मला वाटते. आणि आमच्या वऱ्हाडच्या इतिहासात या विधानाची कसोटी पाहावयास मिळते.

प्रथम शस्त्राचाच विचार करू. हिंदुस्थानी तलवारीची मूठ आखूड असते आणि तिच्या टोकाशी एक गोल चकती असते. युरोपीय संग्रहालयांतून या मुठी पाहून, हिंदुस्थानी लोकांचे हात फारच लहान असावेत, असा तर्क कित्येकांनी केला. वस्तुतः ती मूठ मुद्दामच तंग केलेली आहे. हात परज आणि चकती यांच्या मध्ये घट्ट बसला की मनगट फारसे वाकत नाही. युरोपातील सुळसुळीत तलवारबाजीत मनगटाला जे काम असते, ते येथे कोपराला व खांद्याला करावे लागते. त्यामुळे आपल्या तलवारीचा स्वाभाविक वार हा भोसकण्याचा नसून ओढून कापण्याचा आहे. शत्रूचा घाव आपल्या पात्यावर घेऊन धार बोथट करण्यापेक्षा तो डाव्या हातातील ढालीवर घेण्याची रीत होती.

पट्ट्यात हेच तत्त्व टोकाला गेले आहे. पट्ट्याचे पाते सरळ, लांब, दुधारी आणि लवचीक असून साधारण तीन ते चार फूट भरते. मूठ आडवी असते आणि कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोबळ्यात शिरतो. म्हणजे हात व पाते यांचा सांधाच नाहीसा होतो, हातच लांबतो. मनगटाने काही करण्याची सोय राहत नाही. वार करावयाचा तर खांदा फिरला पाहिजे, खांदा फिरण्यासाठी कंबर, आणि कंबर फिरण्यासाठी पाऊल. एकदा पाते फिरू लागले की ते मध्येच थांबविणे कठीण. म्हणून एका वाराचा शेवट हाच दुसऱ्याचा आरंभ व्हावा लागतो. ज्याचे पाऊल चुकले त्याचे वर्तुळ मोडते, आणि मोडलेल्या वर्तुळात लोखंडात अडकलेला हात शत्रूच्या स्वाधीन होतो.

प्रतापगडचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान पडल्यावर सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला, आणि जिवा महालाने त्याचा हात हत्यारासकट तोडला, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. परंतु सभासदाने तो प्रसंग सांगताना वार मोजले आहेत. सय्यदाचे चार वार महाराजांनी अडविले. पाचवा हात उचलला गेला, तेव्हा जिवाचा घाव पडला. बखरकारांना संख्येचा सोस असतो हे खरे, तरी ही मोजणी एखाद्या जाणत्या नजरेची वाटते. पट्ट्याचा हात वर जातो आणि खाली येऊ लागतो, यांच्या मध्ये एक क्षण असतो. त्या क्षणी त्या लांब पात्याचे सारे सामर्थ्य विरुद्ध दिशेस गेलेले असते व खांदा उघडा पडतो. जिवाने दाखविले ते बळ नव्हे; तो क्षण त्याने ओळखला.

असा क्षण ओळखावयास माणूस शिके तो पुस्तकातून नव्हे. आखाड्याआखाड्यांतून पद्धती थोडी भिन्न असली, तरी क्रमाचा आत्मा एकच. आधी जमीन, मग शस्त्र. नवा मुलगा आला की वस्ताद त्याच्या हाती तलवार देत नसे. दंडबैठका, सलामी, आणि मग पवित्रे. पुढे, मागे, बाजूस, वळून. पाय नीट पडू लागले की काठी. काठीने डोक्यावर, डाव्या अंगास, उजव्या अंगास करावयाच्या वारांना शीर, तमाचा, बाहेरा अशी नावे आहेत; नाव उच्चारले की हात व त्याची तोड दोन्ही निघाली पाहिजेत. यानंतर फरी-गदका. गदका म्हणजे चामड्याने मढविलेली काठी आणि फरी म्हणजे लहानशी ढाल. या दोहोंनी जोडीदाराशी खरोखर खेळता येते. मार लागतो, पण माणूस मरत नाही. घोडेस्वारासाठी बोथाटी होती, म्हणजे टोकाशी चिंध्यांचा गोळा बांधलेला भाला. गोळ्यास रंग लावला की कोणास कोठे लागले याबद्दल वाद उरत नसे.

या सर्व साधनांचा हेतू एकच दिसतो. शिकणाऱ्यास शेकडो वेळा हरता यावे, आणि प्रत्येक हार त्याने उद्यासाठी शिल्लक राखावी. खऱ्या तलवारीपुढे माणूस एकदाच चुकतो. गदक्यापुढे रोज चुकू शकतो. पडद्यावरच्या खेळात मेलेला वीर पुन्हा उठतो, तीच सोय आमच्या वस्तादांनी चामडे आणि काठी यांतून केली होती. फरक इतकाच, की येथे चूक अंगावर उमटत असे.

ही विद्या केवळ मराठ्यांचीच होती असे नव्हे. अकबराच्या दरबारी असलेल्या शस्त्रखेळाडूंचे वर्णन अबुल फझलने आईन-इ-अकबरीत केले आहे. काठीने लढणारे लकडैत, ढालीवाचून एकाच हाताने लढणारे एकहात, असे त्यांचे वर्ग तो देतो, आणि दक्षिणेकडील लोक स्वार झाकला जाईल एवढ्या मोठ्या ढाली वापरतात, असेही नमूद करतो. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत नरनाळ्याचे नाव आहे. अकोटच्या उत्तरेस सातपुड्यावर उभा असलेला हा किल्ला इमादशाहीच्या पूर्वीपासून शिबंदी सांभाळीत आला. अशा किल्ल्यांच्या आश्रयाने वसलेल्या गावांतून शस्त्र धरणे हा काही थोड्यांचा शौक नव्हता, तो पोटाचा धंदा होता.

त्या धंद्याची अखेर वऱ्हाडच्या ज्या मैदानावर दिसली, ते अकोटच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव व शिरसोली यांच्या दरम्यान नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ जनरल वेलस्लीसमोर उभे राहिले. भोसल्यांच्या फौजेवर रघूजींचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू होता. असईची लढाई होऊन दोन महिने झाले होते. दिवस कलला तेव्हा लढाईस तोंड लागले. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी, ज्या असईस चांगल्या लढल्या होत्या, मोडून मागे पळाल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना थांबविले, पुन्हा रांगेत उभे केले, पुढे नेले आणि तोफांचा मारा चुकविण्यासाठी जमिनीवर निजविले. पुढे रांग चालून गेली, तेव्हा मराठ्यांकडील काहीशे पायदळ तलवारी उपसून ७४ व ७८ क्रमांकांच्या गोऱ्या पलटणींवर तुटून पडले. वेलस्लीने त्यांना इराणी म्हटले आहे. ते जवळजवळ सर्व तेथेच कापले गेले. शिंद्यांच्या घोडदळाचा हल्लाही परतविला गेला, आणि चांदण्यात पाठलाग झाला. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. गाविलगड व नरनाळा हे किल्ले तेवढे काही वर्षे त्यांच्याकडे राहिले.

या लढाईचा अर्थ सामान्यतः असा लावतात, की बंदुकीपुढे तलवार हरली. हे अर्धेच खरे आहे. तोफा मराठ्यांकडेही होत्या, आणि त्यांनी आपले काम केले म्हणूनच तीन पलटणी पळाल्या. त्या घटकेला तोल इंग्रजांचा गेला होता. प्रश्न असा, की तो ढळलेला तोल त्यांनी सावरला, आणि समोर तो ढळलेला असता कोणी त्याचा लाभ घेतला नाही. आखाड्याच्या भाषेत सांगावयाचे तर, शत्रूचे पाऊल चुकले होते, खांदा उघडा होता, पण जिवा महालाची नजर त्या फौजेत एकत्रितपणे कोठेच नव्हती. एकेका शिपायाजवळ पवित्रा होता, सैन्याजवळ नव्हता. उलट पळालेल्या पलटणीस पुन्हा रांगेत उभे राहता आले, याचे कारण तिच्या शिपायांचे धैर्य अधिक होते हे नसून, मोडलेली रांग पुन्हा कशी जुळवावी याची त्यांना रोज तालीम होती हे आहे. कवाईत म्हणजे तरी काय? अनेकांनी मिळून घेतलेला तो एक पवित्राच होय.

याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल, आणि तो एका इंग्रज घोडेस्वारानेच नोंदवून ठेवला आहे. कॅप्टन नोलन याने १८५३ साली घोडदळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निजामाच्या बेकवायती घोडदळाची रोहिल्यांशी चकमक झाली, तीत तलवारीच्या घावांनी हातपाय साफ तुटलेले ऐकून तो थक्क झाला. या स्वारांच्या तलवारी कोणत्या म्हणून पाहतो, तो ती इंग्रज घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती निघाली. देशी मुठी बसवून त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावली होती. तुम्ही वार करण्यास कसे शिकविता, असे त्याने एका वृद्ध स्वारास विचारले. शिकवीत काहीच नाही, धारदार तलवार कोणाच्याही हाती कापते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. ही तीच फौज, की जिच्या खर्चापायी निजामाने त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. तेव्हा हे उत्तर वऱ्हाडास अगदीच परके नाही.

मग आखाड्याची मेहनत व्यर्थ काय? मला तसे वाटत नाही. ती पाती लाकडी म्यानात ठेवीत आणि काम पडल्यावाचून बाहेर काढीत नसत. इंग्रज स्वाराचे तेच पाते लोखंडी म्यानात खडखडून बोथट होई. म्हातारा ज्याला शिक्षण म्हणत नव्हता, ते शस्त्र निगेने राखण्याच्या सवयीत, लहानपणापासून घोड्यावर बसण्यात आणि घरी पाहून शिकलेल्या हातात मुरलेले होते. ज्या समाजात विद्या वाऱ्यासारखी सर्वत्र असते, तेथे ती शिकविली जाते हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. ती नाहीशी झाल्यावर मात्र तिची किंमत कळते.

आणि ती नाहीशी होण्यास फार दिवस लागले नाहीत. सत्तावन्नच्या उठावानंतर देश निःशस्त्र करण्याचे धोरण आले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. याच सुमारास जपानातही असेच घडले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. १८७६ च्या फर्मानाने तेथील सामुरायांना तलवार लावून हिंडण्याची मनाई झाली. दोन वर्षांच्या अंतराने दोन देशांच्या कमरेची तलवार सुटली. पुढे मात्र वाटा निराळ्या झाल्या. जपानात अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच बांबूच्या चिपांची तलवार व अंगावर चिलखती पोशाख घालून जोडीने खेळण्याची पद्धती रूढ होत आली होती. तलवार गेली तरी ती जोडी राहिली. पोलिसांनी ती विद्या राखली, १८९५ साली क्योतो येथे तिच्यासाठी संस्था निघाली, १९११ पासून ती शाळांत शिरली. आणि आज केंडो या नावाने तिचे जागतिक सामने भरतात. ज्या देशात मुले अजून प्रतिस्पर्ध्यासमोर उभी राहून तोल राखावयास शिकतात, त्याच देशातून तोलाच्या नियमावर रचलेला पडद्यावरचा खेळ निघावा, यात नवल नाही.

आमच्याकडेही प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे, आणि त्यांत वऱ्हाड मागे नव्हते. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी व इतर देशी खेळ जगापुढे करून दाखविले. बडोद्यास माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिराच्या द्वारे हीच विद्या जोपासली, आणि तेथेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. परक्या सत्तेखाली, सरकारी आश्रय नसता, ज्यांनी हे केले त्यांचे ऋण मोठे आहे. जपानास जे राज्यसत्तेने दिले, ते येथे मास्तर, वैद्य आणि वस्ताद यांनी पदरमोड करून दिले.

तथापि एक गोष्ट हातची निसटली, आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आज गणपतीच्या विसर्जनास किंवा शिवजयंतीस आखाड्याचे पथक निघते. पट्टा गरगर फिरतो, जमिनीवर ठेवलेले लिंबू कापले जाते, बनेटीचे जळते गोळे अंधारात चक्र काढतात, आणि आपण टाळ्या वाजवितो. तो हात खरोखरच मेहनतीचा असतो. त्यास उणा शब्द बोलणे कृतघ्नपणा होईल. परंतु लिंबू हालत नाही. लिंबू हूल देत नाही, आपले पाऊल चुकले तर त्याचा लाभ घेत नाही. कायद्याने शस्त्र काढून घेतले त्याहून मोठी हानी ही, की समोरचा जोडीदार गेला. फरी-गदक्याची जोड मागे पडली आणि एकट्याचे प्रदर्शन पुढे आले. प्रतिस्पर्ध्यावाचून पवित्रा हा नाच होतो; सुंदर असला तरी नाचच.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मान शस्त्रास मिळाला. विद्येस तो मिळावयाचा तर पट्टा भिंतीवर टांगून भागणार नाही, अथवा मिरवणुकीत फिरवूनही भागणार नाही. शाळेच्या अंगणात चामड्याची काठी आणि लहानशी फरी देऊन दोन मुले समोरासमोर उभी करावी लागतील, आणि त्यांना रोज थोडे हरू द्यावे लागेल. यास फारसा खर्च नाही. वस्ताद अजून काही गावांतून आहेत, पण ते वृद्ध होत चालले आहेत, आणि पवित्रा हा पायांनीच पायांस शिकवावा लागतो.

यातून पुन्हा कोणी पट्टेकरी शिपाई व्हावा अशी अपेक्षा करणे वेडेपणाचे आहे. त्या युगाचा निकाल अडगावास लागला. परंतु त्याच मैदानाने शिकविलेला दुसरा धडा जुना झालेला नाही. तेथे जय त्याचा झाला ज्याला पाऊल चुकल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय होती. ही सवय उपदेशाने लागत नाही आणि अभिमानानेही लागत नाही. समोर कोणी तरी उभा असावा लागतो, आणि त्याच्या काठीचा मार अंगावर घ्यावा लागतो. आपल्या मुलांना ती सवय कोठे लागावी, पडद्यासमोर की अंगणात, हे ठरविणे मात्र अजून आपल्या हाती आहे.